आगरकरांच्या आईला आलेलं पत्र

पदवीचे निकाल लागले की मला आगरकरांच्या आईची आठवण होते. आगरकरांची नव्हे, आईची.

गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिकायला रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, पुढे अकोल्यात राहिले आणि १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगाला सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. असा मुलगा एम. ए.ला बसतो म्हटल्यावर आता मामलेदारी कुठे जात नाही, असं त्या माउलीला वाटलं असेल तर तिचं काय चुकलं?

आगरकरांनी हे ओळखलं आणि तिला पत्रानं कळवून टाकलं, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांच्या कामी लावीन. ते पत्र तिला कुणी वाचून दाखवलं असेल का, आणि वाचणारा कुठे अडखळला असेल?

आमच्या घरीही माझ्या पदवीआधीच माझ्या पगाराचा हिशेब मांडून झाला होता. मी मुकाट्यानं बँकेत चिकटलो. खंत नाही, पण तसं पत्र माझ्या हातून लिहून झालं नसतं.

आगरकर शाळामास्तर झाले, 'केसरी'चे पहिले संपादक झाले, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, तेव्हा पुणेकरांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, गेले. उशाशी एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. तीत अंत्यविधीपुरते पैसे होते.