लेकीसाठी लिहिणारी आई : पर्ल बक

(द्वितीय वर्ष, कला)

१९३८ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक पर्ल बक यांना मिळाले, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ करून आपण पुढचे पान उलटतो. मीही तेच करीत होते. परंतु त्यांचे चरित्र वाचू लागले आणि मला त्या लेखिकेमागची आई दिसली. तिची ओळख माझ्या वाचकमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पर्ल यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेत झाला. आईवडील ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. त्यांनी तान्ह्या पर्लला चीनमध्ये नेले आणि तिथेच ती वाढली. चिनी भाषा तिच्या तोंडी बालपणीच बसली. १९१७ मध्ये जॉन लॉसिंग बक या शेतकीतज्ज्ञाशी तिचा विवाह झाला आणि मार्च १९२० मध्ये कॅरोल ही मुलगी झाली. बाळ गोरेगोमटे आणि देखणे होते. पण इतर मुले बोलू लागली तरी कॅरोल बोलेना. आज ना उद्या बोलेल, असे सगळे म्हणत राहिले. आईचे मन मात्र आतून चरकत होते.

मग सुरू झाली दवाखान्यांची वणवण. चीनमधून थेट अमेरिकेतील नामांकित इस्पितळांपर्यंत ती लेकीला घेऊन फिरली. जो तो आशा दाखवी, निदान कोणीच सांगेना. शेवटी एका डॉक्टरने तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले, की ही मुलगी कधीच इतरांसारखी होणार नाही आणि आईने खोट्या आशेवर आयुष्य घालवू नये. तो घाव कठोर होता, पण त्या डॉक्टरचे उपकार तिने जन्मभर मानले.

तरीही तिने जिद्द सोडली नाही. ती कॅरोलला घरीच लिहायला शिकवू लागली. एके दिवशी पेन्सिल धरलेला तो इवलासा हात हाती घेतला, तर तो घामाने चिंब झालेला! मुलीला काही कळत नव्हते, केवळ आईला बरे वाटावे म्हणून ती धडपडत होती. त्या क्षणी आईने वह्या मिटल्या. लेक शिकावी हा आपला हट्ट आहे, तिचे सुख वेगळेच आहे, हे तिला उमगले.

१९२९ मध्ये, नऊ वर्षांच्या कॅरोलला तिने न्यू जर्सीमधील व्हाइनलँड येथील निवासी शाळेत ठेवले. मूल आधी आनंदी असावे, बाकीचे मागाहून, असे त्या शाळेचे धोरण होते. लेकीला मागे सोडून परतताना त्या माउलीचे काय झाले असेल? शिवाय खर्च मोठा. कर्ज काढावे लागले. लेकीची जन्माची सोय लावायची, तर हातात होती फक्त लेखणी! १९३१ मध्ये 'द गुड अर्थ' ही कादंबरी आली, गाजली आणि १९३२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातील शेतकरी वांग लुंगची मोठी मुलगी अशीच अबोध आहे आणि बाप तिला अखेरपर्यंत जपतो. लेखिकेचे दुःख तिथे नाव न घेता उतरले आहे.

स्वतःच्या लेकीविषयी मात्र तिने कित्येक वर्षे जगाला कळू दिले नाही. १९५० मध्ये 'द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू' हे छोटे पुस्तक लिहून तिने मौन सोडले. त्या काळी अशी मुले दाराआड ठेवली जात. एवढ्या मोठ्या लेखिकेने उघडपणे सांगितल्यावर अनेक आईबापांना धीर आला.

कॅरोलला 'फिनाइलकीटोन्युरिया' हा आनुवंशिक विकार होता, हे पुढे कळले. दूध-डाळीच्या प्रथिनांतील एक घटक अशा मुलांच्या शरीरात पचत नाही, साचतो आणि मेंदूला इजा करतो. नॉर्वेच्या फॉलिंग यांनी हा विकार १९३४ मध्ये शोधला, तेव्हा कॅरोल चौदा वर्षांची होती. जन्मतःच ओळखून पथ्याचा आहार दिला तर पुढची हानी टळते, हे ज्ञान त्याहून उशिरा आले. यात आईचा काय अपराध?

हे मी मुद्दाम विचारते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. माझ्या आत्याचा मुलगा आज तीस वर्षांचा आहे, त्याला आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत सारे आत्याच करते. ती कित्येक वर्षांत कोणाच्या लग्नाला गेलेली नाही. गावातली माणसे मात्र तिच्या मागल्या जन्माचे पाप काढतात. तिला उपदेश नको आहे. कोणी दोन तास मुलाजवळ बसले, तर ती नीट झोपेल तरी! सुट्टीत मी बसते, तेव्हा तो गाणे ऐकत माझ्या हातावर ताल धरतो. कॅरोललाही संगीत फार आवडे, हे वाचले तेव्हा मला त्याचीच आठवण झाली.

आपल्या मागे मुलाचे कोण, हा प्रश्न आत्याला रोज पडतो. पर्ल यांनाही तो पडला होता. ६ मार्च १९७३ रोजी त्या वारल्या. कॅरोल त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे, १९९२ पर्यंत, व्हाइनलँडलाच सांभाळली गेली. आईने लेखणीच्या बळावर ती सोय आधीच करून ठेवली होती. प्रत्येक आईच्या हाती अशी लेखणी नसते. म्हणून तर शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आणि आपण शिकलेल्या मुलामुलींनी त्या आईच्या ओझ्याला थोडा हात लावायचा असतो.