कावसजीचं नाक आणि आपल्या हिरड्या

‘नाक कापलं गेलं’ असं आपण येताजाता म्हणतो. कावसजीचं खरोखरच कापलं होतं.

हा मराठी शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचे बैल हाकायला गेला आणि टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात तोडण्यात आला. पुढे कंपनी सरकारची पेन्शन मिळाली, पोटाची सोय झाली. पण वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. चारचौघांत कसा जात असेल, कोण जाणे!

मग पुण्याकडच्या वीटकरी जातीतल्या एकाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा साचा केला, तो कपाळावर पसरून रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. पण दोन भुवयांमधली पट्टी तोडली नाही. कातडी तिथूनच पिळून खाली वळवली, कात लावलेल्या कापडाने चिकटवली. चार दिवसांनी तुपात भिजवलेली कापडं. पंचवीस दिवसांनी, नाक धरल्यावर, ती पट्टी कापली. मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये कावसजीचं चित्र छापून आलं आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच ऑपरेशन केलं. कावसजीचं नाव जगभर गेलं. त्या कारागिराचं मात्र कुणी लिहूनसुद्धा ठेवलं नाही!

सगळी खुबी त्या पट्टीत होती. तिच्यातून रक्त येत राहिलं, म्हणून कातडी जगली. आज हिरडी खाली सरकून दाताचं मूळ उघडं पडलं तर दातांचे डॉक्टर हेच करतात. शेजारची हिरडी एका बाजूने जोडलेली ठेवून त्यावर सरकवतात. दात हलत असेल तर आतलं हाड झिजलेलं असतं. मग हिरडी उघडून साफ करतात, हाडाची भुकटी भरतात, वर पातळ पडदा ठेवतात. हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. पडदा नसेल तर हाडाची जागा हिरडीच बळकावते. गेलेलं सगळं परत येतं असं नाही, पण बऱ्याच वेळा दात वाचतो.

आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात, मशेरीने हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही. अहो, तंबाखूने हिरडीचं रक्तच कमी होतं, म्हणून आतला रोग दिसत नाही! आणि रक्त नसेल तर ऑपरेशन करून लावलेली हिरडी तरी कशी धरणार? धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. दात हलायची वाट न बघता तिथे एकदा हिरड्या दाखवून या, आणि मशेरी लावत असाल तर तेही तिथे सांगा.