अंतरंगाचे संशोधक : आबे फारिया

पणजी शहरात मांडवीच्या तीरावर, जुन्या सचिवालयाच्या इमारतीशेजारी एक पुतळा उभा आहे. पायघोळ झगा परिधान केलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा असून त्याच्यासमोर एक स्त्री निद्राधीन होत आहे, असे ते शिल्प आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने ते घडविले व १९४५ साली ते तेथे उभारले गेले. परगावचा प्रवासी ते पाहून हा कोणी मांत्रिक असावा असा तर्क करतो. वस्तुतः मनुष्याच्या मनावर बाहेरची कोणतीही अद्भुत शक्ती सत्ता गाजवीत नाही, जे काही घडते त्याचे मूळ त्याच्या अंतरंगातच असते, असे जगाला ठणकावून सांगणाऱ्या पुरुषाचे ते स्मारक आहे. त्या पुरुषाचे नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया या नावाने ओळखते.

फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देश महालातील कांदोळी या गावी, आजोळी झाला. वडील काईतानो व्हितोरीनो हे कोलवाळचे. आईवडिलांचे पटले नाही. दोघांनीही संसाराचा त्याग केला. वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण होऊन राहिली. आईचे छत्र अशा रीतीने दुरावलेला हा मुलगा १७७१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर जहाजात बसला. नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर पितापुत्र लिस्बनला पोहोचले. तेथून पुढे मुलाची रवानगी रोमला झाली. तेथे त्याने धर्मशास्त्राचे अध्ययन केले, १७८० साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली व डॉक्टरची पदवी संपादन केली.

लिस्बनला परतल्यावर घडलेला एक प्रसंग गोव्यात घरोघरी सांगितला जातो. ती आख्यायिका असली तरी तिच्यात फारियांच्या पुढील आयुष्याचे बीज साठविलेले आहे. राणी मारिया हिच्या समोर राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात प्रवचन करण्याचा मान या तरुण पाद्र्याला मिळाला. व्यासपीठावर चढून समोरची ती राणी, ते सरदार आणि तो थाट पाहताच त्याची बोबडी वळली. घसा कोरडा पडला, पाठ केलेले एकही वाक्य आठवेना. व्यासपीठाजवळ बसलेल्या वडिलांनी हे ओळखले आणि हळूच कोंकणीत सांगितले की, समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, ती खुशाल चिरत जा. घरच्या भाषेतील ते चार शब्द कानी पडताच तरुणाची भीती पार पळाली व प्रवचन अस्खलित वाहू लागले.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. राणी होती तेथेच होती, सरदारही हलले नव्हते. मग भीती गेली कोठे? ती समोरच्या माणसांत नव्हतीच. त्यांच्याविषयी मनाने जी कल्पना केली होती तिच्यात ती होती. कल्पना पालटली तशी भावनाही पालटली. चिंचेचे नाव काढताच तोंडाला पाणी सुटते, अंधारात पडलेली दोरी साप वाटून छाती धडधडू लागते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असे आपले पूर्वज म्हणत आले, त्याचा अर्थ हाच.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा उठाव म्हणून प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला. वर्णभेदामुळे मानाच्या जागा नाकारल्या गेलेले स्थानिक पाद्री आणि काही सैनिक त्यात सामील होते. पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. फारिया पितापुत्रांवरही संशयाची छाया पडली व १७८८ साली पुत्राने पॅरिस गाठले. लवकरच तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धुमाळीतही ते तगले. पुढे मार्सेय व नीम येथे अध्यापन करून १८१३ साली ते पॅरिसला परतले.

त्या काळी यूरोपात मेस्मर नामक वैद्याच्या मताचा मोठा बोलबाला होता. सर्व विश्वात एक चुंबकीय द्रव भरलेला आहे आणि तो आपण रोग्याच्या अंगात सोडतो, असे मेस्मर सांगत असे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने याची चौकशी करण्यास विद्वानांची समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. असा कोणताही द्रव आढळत नाही, ही सारी कल्पनेची करामत आहे, असा निर्णय देऊन समितीने प्रकरण मिटविले. परंतु कल्पनेच्या अंगी एवढे सामर्थ्य असेल, तर तिचाच अभ्यास का करू नये? फारियांच्या कार्याचा प्रारंभ या ठिकाणी होतो.

१८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरील एका घरात त्यांनी जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. ते माणसाला आरामात खुर्चीवर बसवीत, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगत आणि मग धीरगंभीर स्वरात झोपण्याची आज्ञा देत. कित्येक जण खरोखर मोहनिद्रेत जात. प्रेक्षक थक्क होत. पण फारिया त्यांना बजावून सांगत की, माझ्यापाशी कसलीही दैवी शक्ती नाही. निद्रेचे कारण माझ्या हातात नसून झोपणाऱ्याच्या एकाग्रतेत आणि विश्वासात आहे. चमत्कार दाखवून चमत्काराचे श्रेय नाकारणारा असा मनुष्य विरळा.

या प्रामाणिकपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. चुंबकद्रव मानणारे त्यांच्यावर रुष्ट झाले, तर कित्येक धार्मिकांना त्यांच्या प्रयोगांत सैतानाचा हात दिसला. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली; १८१६ साली तर त्यांची टवाळी करणारे नाटकच पॅरिसच्या रंगभूमीवर आले. श्रोते पांगले. एका शिक्षणसंस्थेत पाद्री म्हणून काम पाहत त्यांनी उर्वरित दिवस कंठले. मात्र लेखणी खाली ठेवली नाही. मोहनिद्रेच्या कारणांची मीमांसा करणाऱ्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली सिद्ध झाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची कबर आज ओळखूही येत नाही.

त्यांचे सर्वच विचार टिकले असे नाही. काही माणसांना मोहनिद्रा लवकर का लागते याचे कारण ते रक्ताच्या पातळपणात शोधीत, ते चूक ठरले. परंतु त्यांचे मुख्य सूत्र अचूक होते. पुढे फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या वैद्यांनी सूचनेचे सामर्थ्य हाच संमोहनाचा पाया मानला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पोर्तुगीज वैद्य एगास मोनिझ यांनी १९२५ साली फारियांवर ग्रंथ लिहून त्यांचे ऋण मान्य केले. अलेक्झांडर द्यूमाच्या प्रसिद्ध कादंबरीतील तुरुंगात खितपत पडलेला आबे फारिया मात्र कल्पनेतला. खरा फारिया आपल्या कांदोळीचा.

स्नेहसंमेलनात बोलण्यासाठी पुढे येताना आपले पाय लटपटतात, परीक्षेच्या दालनात हात गार पडतात. अशा वेळी आपल्याला लाज वाटते आणि आपण भित्रे आहोत असे आपण ठरवून टाकतो. पण ज्याने पुढे मनाचे एवढे मोठे रहस्य उलगडले, त्या पुरुषाचीही एकदा बोबडी वळली होती असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. भीती वाटणे हा दोष नव्हे. ती कोठून आली हे शांतपणे न पाहता तिला शरण जाणे, हा दोष. आणि शेजारचा मित्र व्यासपीठावर अडखळला, तर हसण्याऐवजी त्याच्या कानी त्याच्या घरच्या भाषेतील एखादा धीराचा शब्द घालावा. कुणी सांगावे, त्या एका शब्दाने त्याच्या आयुष्याची दिशा बदलून जाईल!