नेहरूंच्याच वाढदिवशी जन्मलेल्या या माणसाने भारताला दगडातली झाडं वाचायला शिकवलं

१४ नोव्हेंबर म्हटलं की शाळेतलं भाषण, शर्टाला लावलेलं गुलाबाचं फूल आणि चाचा नेहरू. पण याच तारखेला, नेहरूंनंतर बरोबर दोन वर्षांनी, म्हणजे १८९१ साली पंजाबमधल्या भेरा गावात आणखी एक मुलगा जन्मला. नाव बिरबल. पुढे ५७ वर्षांनी या दोघांची आयुष्यं लखनौमध्ये एका अजब दगडापाशी एकत्र आली. त्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं होती, आणि तो दगड बसवल्यावर आठवड्याभरातच बिरबल साहनी गेले.

भेरा आज पाकिस्तानात आहे. झेलम नदीकाठचं हे जुनं गाव. जवळच सॉल्ट रेंज, म्हणजे मिठाचे डोंगर. ज्याला दगड बघायची सवय आहे त्याच्यासाठी ही रांग म्हणजे उघडं ठेवलेलं पुस्तकच. थरावर थर, आणि त्या थरांमध्ये शिंपले, वनस्पती, जुने प्राणी. सुट्टीला गावी आलेल्या साहनींच्या पोरांना हे अंगण मिळालं होतं.

पण अंगण सगळ्यांनाच मिळतं. ते बघायला शिकवणारं माणूस घरात असावं लागतं. बिरबलच्या घरात ते होतं, वडील रुचिराम साहनी. घरची सावकारी बुडाल्यावर हा माणूस पाठीवर पुस्तकांचं गाठोडं बांधून पायी शिकायला निघाला होता. पुढे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. विज्ञान इंग्रजीत कोंडून ठेवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून पंजाबभर फिरून साध्या माणसांसमोर, त्यांच्याच भाषेत, प्रयोग करून दाखवत व्याख्यानं द्यायचे. शाळांना प्रयोगाची उपकरणं परदेशातून मागवणं परवडत नाही म्हटल्यावर त्यांनी ती बनवायचा कारखानाच काढला.

असा बाप पोरांना सुट्टीत कुठे नेणार? हिमालयात. तेही पायी. पाठीवर सामान, वाटेत दिसेल ते गोळा करायचं, वह्यांमध्ये पानं दाबून ठेवायची, दगड खिशात. अशाच एका मोहिमेत झोजिला ओलांडून माचोई हिमनदीवर बिरबलने लाल रंगाचा बर्फ गोळा केला. बर्फ लाल कशाने? तर त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे. कॉलेजच्या वयात हा प्रश्न पडणं आणि उत्तरासाठी नमुना सोबत आणणं, याचं बरंचसं श्रेय त्या घराला जातं.

१९११ साली बिरबल केंब्रिजला गेला आणि तिथे त्याला भेटले प्राध्यापक अल्बर्ट सिवर्ड, त्या काळातले जीवाश्म वनस्पतींचे मोठे जाणकार. भारतातल्या जीवाश्मांचा अभ्यास तोवर मुख्यतः युरोपीय लोक करत होते. नमुने इथले, नावं देणारे तिकडचे. सिवर्ड यांनी या भारतीय विद्यार्थ्याला सोबत घेतलं आणि दोघांनी मिळून भारतातल्या गोंडवना काळातल्या वनस्पतींचा नव्याने आढावा घेतला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन साहनी भारतात परतले होते. बनारस, लाहोर असं करत १९२१ साली ते लखनौ विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तिथलेच होऊन गेले.

आता मुळात झाडाचा दगड होतो कसा, हे बघू. घरात लहान मूल असेल तर त्याला बोलावून घ्या, कारण हे वाचण्यापेक्षा करून बघण्यात मजा आहे.

पान गळून पडलं की ते कुजतं. हवा, बुरशी, जिवाणू मिळून त्याचा फडशा पाडतात. म्हणून बहुतेक झाडं मागे काहीच ठेवत नाहीत. पण एखादं पान तळ्यात पडलं, त्यावर पटकन गाळ बसला आणि हवा तुटली, तर कुजणं मंदावतं. गाळाचे थर चढत जातात, खालचा गाळ दाबून दगड होतो आणि पानाचा ठसा आत राहतो. कणकेच्या गोळ्यावर पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून दाबा आणि अलगद उचला. पान गेलं, शिरा राहिल्या. जीवाश्माचा हा सगळ्यात सोपा प्रकार.

दुसरा प्रकार जास्त चमत्कारिक आहे. लाकूड किंवा फळ गाळात पुरलं जातं आणि त्यातून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहतं. सिलिका म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य. हे पाणी झाडाच्या एकेका पेशीत शिरतं आणि तिथे सिलिका साठत जाते. शेवटी हातात येतो तो दगड, पण त्यात पेशींची रचना जशीच्या तशी. असा दगड चकतीसारखा कापून, काचेवर चिकटवून, आरपार उजेड जाईपर्यंत घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाचं खोड आतून दिसतं. साहनींच्या संशोधनात या पद्धतीला मोठं स्थान होतं.

आपल्याकडे मुलांना जीवाश्म म्हणजे थेट डायनासोर दाखवतात. हाडं मोठी, दात मोठे, पोरं खूश. पण डायनासोर ज्या रानात फिरत होता ते रान कसलं होतं, हे पानंच सांगतात.

आणि हे रान आपल्या दाराशी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हाचा, हे शाळेत शिकवतात. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, पण एका झटक्यात नाही. एक थर वाहायचा, मग मोठी विश्रांती. त्या विश्रांतीत थरावर तळी साचायची, झाडं उगवायची, आणि पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सौंसर लागतं. त्या काळी हा भाग आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होते. सौंसर आणि मोहगाव कलान इथे अशा दोन लाव्हांच्या मधल्या थरातले, गारगोटी झालेले वनस्पतींचे नमुने सापडले आणि साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासले.

त्यात काय होतं? एक तर अझोला. हो, गाईगुरांना खायला घालायला शेततळ्यात वाढवतात तोच अझोला, त्याचा प्राचीन नातेवाईक. साहनी आणि एच. एस. राव यांनी १९३४ मध्ये त्याची नोंद केली. मोहगावला निपा नावाच्या ताडाच्या जातीचं फळही मिळालं. हा निपा आज सुंदरबनसारख्या खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत हे फळ आलं कुठून? म्हणजे तेव्हा समुद्राचा एखादा हात या भागाजवळ पोचत असावा, असा तर्क निघाला. एका फळावरून नकाशा बदलण्याची ही गोष्ट.

याच पुराव्यावरून साहनींनी एक वाद अंगावर घेतला. दख्खनचा लाव्हा डायनासोरांच्या काळातला की त्यानंतरचा? जुनं मत होतं डायनासोरांच्या काळातला. साहनी म्हणाले, ही झाडं नंतरच्या युगातली दिसतात. आज अधिक अचूक कालमापनातून कळतं की लाव्हा नेमका दोन्ही युगांच्या सीमेवर वाहिला, थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. सॉल्ट रेंजच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. तिथल्या मिठाच्या थरात सापडलेल्या सूक्ष्म वनस्पती-कणांवरून त्यांनी ते मीठ बरंच अलीकडचं ठरवलं. प्रत्यक्षात ते ५० कोटी वर्षांहून जुनं आहे. लहानपणीच्याच डोंगरांनी त्यांना चकवलं.

पण त्यांची नजर पक्की होती. जीवाश्मात झाड कधी अखंड मिळत नाही. पान एकीकडे, खोड दुसरीकडे, फूल तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव. आज झारखंडमध्ये असलेल्या राजमहालच्या टेकड्यांमधले असे तुकडे जुळवून साहनींनी १९३२ साली एक पूर्ण झाड उभं केलं आणि त्याला गुरूचं नाव दिलं, विल्यमसोनिया सिवर्डियाना. १९३६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्याच वर्षीचा एक किस्सा. रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर फिरताना त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे दिसले, त्यावर कसलेसे ठसे. येणारेजाणारे ज्याला खापर समजून पुढे जातील अशा गोष्टी. पण आयुष्यभर दगडातले ठसे बघितलेल्या माणसाला ते खापर वाटलं नाही. ते निघाले यौधेयांच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांचे साचे. साहनींनी त्यावरून प्राचीन भारतात नाणी कशी ओतत असत यावर अख्खा ग्रंथ लिहिला. नाणेशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यासाठी त्यांना पदक दिलं. वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाला!

या सगळ्या भटकंतीत एक माणूस कायम सोबत होतं, त्यांच्या पत्नी सावित्री. १९२० साली लग्न झालं तेव्हापासून. दोघांना मूल नव्हतं. जीवाश्मांच्या अभ्यासासाठी देशात स्वतंत्र संस्था हवी हे साहनींचं स्वप्न होतं, आणि १९४६ च्या सप्टेंबरमध्ये ती लखनौमध्ये सुरू झाली. दोघांनी स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह, पुस्तकं आणि मालमत्ता तिला देऊन टाकली. १९४७ मध्ये शिक्षणमंत्री मौलाना आझादांनी त्यांना शिक्षण खात्याचं सचिवपद देऊ केलं होतं. ते त्यांनी नाकारलं. संस्था अर्धवट सोडून दिल्लीला कोण जाणार?

संस्थेच्या इमारतीची कोनशिला कशी असावी, हेही त्यांनीच ठरवलं. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या युगांतले जीवाश्म सिमेंटमध्ये बसवून त्यांनी ती स्वतः तयार केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान नेहरूंनी ती बसवली. नेहरू स्वतः केंब्रिजला रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र शिकलेले, त्यामुळे आपण काय बसवतोय हे त्यांना सांगायला लागलं नसेल.

आठवडाही झाला नव्हता. ९ एप्रिलच्या रात्री साहनींना हृदयविकाराचा झटका आला आणि १० एप्रिल उजाडायच्या आत ते गेले. वय ५७. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होणार होते.

मागे राहिली एक कोनशिला, कपाटांमधले दगड आणि इमारत नसलेली संस्था. अशा वेळी संस्था सहसा कागदावरच विरून जातात. सावित्रीबाईंनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. निधी मिळवणं, सरकारदरबारी पाठपुरावा, परदेशातून तज्ज्ञ संचालक आणणं, हे सगळं त्यांनी मार्गी लावलं. २ जानेवारी १९५३ रोजी इमारत पूर्ण झाली आणि उद्घाटनाला पुन्हा नेहरूच आले. तीच संस्था आज बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थान या नावाने लखनौमध्ये चालू आहे.