हिप्परग्याचे मुख्याध्यापक

शिक्षक मित्रांनो, दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, आपण शाळेत स्वामी रामानंद तीर्थांच्या फोटोला हार घालतो. भगवी वस्त्रं पाहून मुलं विचारतात, "सर, हे महाराज होते का?" तेव्हा त्यांना सांगा, की हे आधी एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते.

मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. सोलापुरात शिकत असताना गांधीजींच्या असहकाराची हाक आली आणि या पोरानं सरकारी शाळा सोडून दिली. आजच्या पालकांच्या छातीत धस्स होईल! पण शिक्षण काही सुटलं नाही. अमळनेरची राष्ट्रीय शाळा, मग पुण्याचं टिळक विद्यापीठ, तिथे एम. ए. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम.

एवढा शिकलेला माणूस १९२९ मध्ये आला कुठे, तर हिप्परग्याला. आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात हे गाव आहे. तेव्हा आपला सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पोरगं घरात मराठी बोलायचं, पण वरच्या वर्गात गेलं की उर्दूतून शिकायचं. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. उर्दू गोडच भाषा आहे, तिच्याशी भांडण नव्हतं. पण घरच्या भाषेत प्रश्न विचारता आला नाही तर मूल वर्गात गप्प बसतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. अशा राज्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ पासून चालू होती, आणि तिची धुरा या तरुणानं घेतली. १९३० च्या जानेवारीत त्यांनी संन्यास घेतला, पण ते मठात गेले नाहीत, वर्गातच राहिले. मला या माणसाच्या चरित्रात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. हळूहळू शाळेबाहेरचं काम वाढत गेलं. महाराष्ट्र परिषदेचं दुसरं अधिवेशन १९३८ मध्ये आपल्या लातूरला झालं, त्यात ते पुढे होते. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. आता खडू धरायचा की सत्याग्रह करायचा? त्यांनी शाळा सोडली आणि ऑक्टोबरात तुरुंगात गेले. शिकवणाऱ्या माणसाला वर्ग सोडताना काय होतं, ते बदलीचा आदेश हातात पडलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा.

पुढची हकिकत पुस्तकात आहेच. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागले आणि स्वामीजींना अटक झाली. संस्थान मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला.

नंतर ते दोनदा लोकसभेत गेले खरे, पण मन शाळा-कॉलेजातच. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज उभं राहिलं, त्यामागे तेच होते. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं, त्याला त्यांचं नाव दिलं. आपल्या नांदेड-लातूरच्या कितीतरी शिक्षकांच्या पदवीवर ते नाव आहे.

यंदा फोटोला हार घातल्यावर एवढं करा, भिंतीवरच्या नकाशात मुलांना हिप्परगा शोधायला लावा. छोट्या नकाशात ते सापडणार नाही. मग लोहाऱ्याच्या जवळ पेन्सिलीनं एक ठिपका त्यांनाच काढू द्या.