चिमूटभर मिठाचे संशोधन : डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी

मीठ हा स्वयंपाकघरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक पदार्थ. श्रीमंताच्या ताटात आणि गरिबाच्या भाकरीबरोबर ते सारखेच असते. या साध्या मिठाच्या आधारे लाखो मुलांच्या हाडांची व मेंदूची वाढ सुरक्षित करता येते, हे भारतात ज्यांनी शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध करून दाखवले, त्यांत डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांचे नाव अग्रभागी आहे. ते शल्यचिकित्सक नव्हते. रोगामुळे शरीरात कोणते बदल होतात याचा अभ्यास करणारे ते विकृतिशास्त्रज्ञ होते. तरीही प्रयोगशाळेच्या भिंतींत त्यांनी स्वतःला कधी कोंडून घेतले नाही.

रामलिंगस्वामींचा जन्म ८ ऑगस्ट १९२१ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम येथे झाला. विशाखापट्टणमच्या आंध्र वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी आणि पुढे पदव्युत्तर पदवी संपादन केली. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास ते निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढील संशोधनासाठी ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले आणि १९५१ मध्ये तेथील डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेने त्यांच्या विचारांना निश्चित दिशा दिली. अनेक आजारांचे मूळ जंतूत नसून अन्नातील एखाद्या घटकाच्या कमतरतेत असते, हा त्या संस्थेच्या अभ्यासाचा विषय होता. ही संस्था ज्यांनी उभारली, त्या रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिलगिट भागात गलगंडाचा अभ्यास केला होता आणि या रोगाचा संबंध दूषित पाण्याशी जोडला होता. हिमालयातील गलगंडाचे खरे कारण कोणते, हा प्रश्न मात्र रामलिंगस्वामींच्या पिढीपुढे उभाच होता.

गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढील भागी येणारी सूज. आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी असते. ती रक्तातील आयोडीन घेऊन एक संप्रेरक तयार करते. हाडांची लांबी वाढणे, शरीराची ऊब टिकणे आणि मेंदूची घडण पूर्ण होणे या सर्व गोष्टी त्या संप्रेरकावर अवलंबून असतात. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारे एकूण आयोडीन एका लहान चमच्यात मावेल. पण शरीर त्याचा मोठा साठा करू शकत नाही; म्हणून ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. ते मिळाले नाही, तर ग्रंथी अधिक जोमाने काम करू पाहते आणि आकाराने वाढत जाते.

गळ्यावरची सूज डोळ्यांना दिसते. तिच्यामागे दडलेली हानी मात्र कितीतरी मोठी असते. गर्भवती स्त्रीला आयोडीन कमी पडले, तर पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. अशी काही मुले जन्मतः बहिरी व मुकी असतात. त्यांची उंची वाढत नाही आणि बुद्धीही मंद राहते. या अवस्थेला क्रेटिनिझम म्हणतात. वरवर निरोगी दिसणारी इतर अनेक मुलेही अभ्यासात मागे पडतात आणि त्याचे कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. मेंदूची अशी झालेली हानी नंतर कितीही औषध दिले तरी भरून निघत नाही. म्हणून या विकारात उपचारापेक्षा प्रतिबंधाला महत्त्व आहे.

काश्मीरपासून ईशान्येकडील राज्यांपर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेल्या पट्ट्यात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला होता. बर्फ, पाऊस आणि पूर यांमुळे तेथील जमिनीतील आयोडीन वाहून गेलेले असते. अशा जमिनीत पिकलेल्या धान्यात आणि भाजीपाल्यात ते उतरत नाही. काही गावांत गलगंड इतका सर्रास आढळे, की लोकांना तो रोग वाटतच नसे. कोणी तो पाण्याचा दोष मानी, कोणी दैवाचा.

स्वित्झर्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या काही भागांत १९२० नंतरच्या दशकात आयोडीनयुक्त मिठाचा वापर सुरू झाला होता. परंतु तेथील उपाय भारतात जसाच्या तसा लागू पडेल का, ही शंका रास्त होती. येथील मीठ जाडेभरडे व ओलसर असे. ते उघड्या पोत्यांतून दूरवर जाई आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटे. अशा मिठात आयोडीन टिकेल का? टिकले तरी रोग खरोखर कमी होईल का? लाखो लोकांच्या रोजच्या अन्नात बदल सुचवायचा, तर नुसत्या तर्कावर विसंबून चालणार नव्हते. पुरावा हवा होता.

हा पुरावा मिळवण्यासाठी कांगडा खोऱ्याची निवड झाली. आज हिमाचल प्रदेशात असलेले हे खोरे त्या वेळी पंजाब राज्यात होते. डॉ. एस. एस. सूच आणि इतर सहकाऱ्यांसह रामलिंगस्वामींनी १९५४ नंतर तेथे पाहणी सुरू केली. सुमारे एक लाख लोकवस्तीच्या या भागाचे तीन विभाग करण्यात आले. तिन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे शेकडा ३८ च्या आसपास होते. १९५६ पासून एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ आणि दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ पुरवण्यात आले. उरलेल्या विभागात पूर्वीसारखेच साधे मीठ गेले.

साधे मीठ एका विभागाला का दिले, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. रोग कमी झाला, तर तो आयोडीनमुळेच झाला, की रस्ते, धान्य आणि राहणीमान सुधारल्यामुळे, हे ओळखण्यासाठी तुलना आवश्यक असते. तुलनेवाचून काढलेला निष्कर्ष कोणीही सहज खोडून काढू शकतो. परंतु या पद्धतीत एक मोठी जबाबदारीही असते. ज्यांना उपाय मिळालेला नाही अशा लोकांचे ऋण संशोधकांवर राहते. उपाय उपयोगी ठरताच तो त्यांच्यापर्यंत पोहोचवला पाहिजे.

याच काळात दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच एम्स, आकाराला येत होती. १९५७ मध्ये रामलिंगस्वामी तेथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. कांगड्याच्या गावांतील निरीक्षणांना आता दिल्लीच्या प्रयोगशाळेची जोड मिळाली. रुग्णांच्या लघवीतून किती आयोडीन बाहेर पडते आणि त्यांची ग्रंथी किती आयोडीन ओढून घेते, याची मोजमापे झाली. लघवीत आयोडीन फारच थोडे होते आणि ग्रंथी मात्र त्यासाठी हपापलेली होती. हिमालयातील गलगंडाचे मूळ आयोडीनच्या कमतरतेत आहे, असा निष्कर्ष १९६१ मध्ये रामलिंगस्वामी, टी. ए. व्ही. सुब्रमणियन आणि एम. जी. देव यांनी प्रसिद्ध केला.

१९६२ मध्ये कांगड्यातील तिन्ही विभागांची पुन्हा तपासणी झाली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. साध्या मिठाच्या विभागात ते जराही घटले नव्हते. पोटॅशियम आयोडेट हा क्षार दमट हवेत अधिक टिकतो, हा भारतासारख्या देशाच्या दृष्टीने सोयीचा ठरला. त्यानंतर तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही रोग ओसरू लागला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अहवालात देव यांच्याबरोबर एम. जी. करमरकर, एन. कोचुपिल्लई आदी सहकाऱ्यांचाही वाटा होता. एवढे मोठे काम एका माणसाचे नसते, हे या नावांवरून ध्यानात येते. सहकारी निवडणे, त्यांना घडवणे आणि एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षे टिकवून ठेवणे, हे रामलिंगस्वामींचे खरे बळ होते.

कांगड्याच्या अनुभवावर आधारून भारत सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. परंतु सिद्ध झालेली गोष्ट अमलात येण्यास कितीतरी वर्षे लागली. आयोडीनयुक्त मीठ पुरेसे तयार होत नसे आणि तयार झालेले मीठ वेळेवर पोहोचत नसे. शिवाय हा रोग फक्त हिमालयाच्या पायथ्याशी आहे, असा समज होता. पुढील पाहण्यांनी तो खोटा ठरवला. महाराष्ट्र आणि गुजरात यांसारख्या राज्यांतही गलगंडाचे रुग्ण आढळले. एवढेच काय, एम्समधील कोचुपिल्लई, करमरकर आणि चंद्रकांत पांडव यांच्या अभ्यासात खुद्द दिल्ली शहरातही हा रोग दिसून आला. आयोडीनची तीव्र टंचाई असलेल्या भागांतील नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले असता अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाची कमतरता अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळली. गळ्याच्या सुजेचा प्रश्न आता मुलांच्या बुद्धीचा प्रश्न म्हणून देशापुढे आला.

१९८४ मध्ये देशातील खाण्याचे सर्व मीठ आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय झाला आणि १९८६ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून ते राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले.

दरम्यान रामलिंगस्वामींच्या जबाबदाऱ्या वाढत गेल्या होत्या. १९६९ ते १९७९ या काळात ते एम्सचे संचालक होते. त्यानंतर १९८६ पर्यंत ते भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक होते. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ मध्ये घडली, तेव्हा पीडितांवरील परिणामांच्या वैद्यकीय अभ्यासाची जबाबदारी याच परिषदेकडे आली. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ उद्‌भवल्यावर नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९९६ मध्ये इतर दोन तज्ज्ञांसह लिहिलेल्या एका लेखात त्यांनी दक्षिण आशियातील बालकांच्या कुपोषणाची मीमांसा केली. धान्याच्या उपलब्धतेइतकेच स्त्रियांचे आरोग्य आणि समाजातील त्यांचे स्थान हे त्यामागील मोठे कारण आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. कमकुवत आईच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्माला येते, आणि हा वारसा पुढच्या पिढीकडे जातो. हा विचार त्यांच्या आयोडीनवरील कामाशी सुसंगतच होता. दोन्हींचे मूळ गर्भवती स्त्रीच्या आहारात होते.

त्यांच्या कार्याचा अनेक प्रकारे गौरव झाला. १९६५ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, १९६९ मध्ये पद्मश्री, १९७१ मध्ये पद्मभूषण आणि १९८६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व हे त्यांपैकी काही सन्मान होत.

आयुष्याच्या अखेरच्या काळात मात्र त्यांच्या कामाला धक्का बसला. आयोडीन नसलेले खाण्याचे मीठ विकण्यावर देशभर घातलेली बंदी २००० मध्ये केंद्र सरकारने उठवली. मीठ कोणते खावे हे सक्तीने ठरवू नये आणि लहान उत्पादकांवर बोजा पडू नये, असे बंदीच्या विरोधकांचे म्हणणे होते. सार्वजनिक आरोग्याच्या अनेक अभ्यासकांना या निर्णयाची चिंता वाटली. याचे कारण असे, की आयोडीनच्या कमतरतेची पहिली झळ न जन्मलेल्या बाळाला लागते, आणि त्याला कोणतीच निवड करता येत नाही. बंदी उठलेली असतानाच, २८ मे २००१ रोजी दिल्लीत डॉ. रामलिंगस्वामींचे निधन झाले. पुढे पाच वर्षांनी, मे २००६ मध्ये, ही बंदी पुन्हा लागू करण्यात आली. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभरांपैकी नव्वदहून अधिक घरांत आयोडीनयुक्त मीठ आढळले. असे मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, ओलावा आणि उष्णता यांपासून दूर ठेवावे लागते. नाहीतर त्यातील आयोडीन हळूहळू कमी होते. आयोडीनसाठी मीठ अधिक खाण्याची मुळीच गरज नाही, नेहमीच्या बेताच्या प्रमाणातून ते मिळते.

ज्याचे मीठ खावे त्याच्याशी प्रामाणिक राहावे, या अर्थाने मराठीत मिठाला जागणे असे म्हणतात. कांगड्याच्या ज्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे आपले गळे तपासू दिले, त्यांच्या सहकार्याला रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी जागले. त्या लोकांकडून मिळालेले ज्ञान आधी त्यांच्याच घरी परत गेले आणि नंतर सगळ्या देशाच्या स्वयंपाकघरांत पोहोचले. आज या देशात पुरेसे आयोडीन मिळालेल्या मातेच्या पोटी जन्मणाऱ्या निरोगी बाळाला त्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ते मूल पुढे ऐकते, बोलते, वाढते आणि शाळेत जाऊन शिकते, यात त्या संशोधनाचाही वाटा असतो.