मिरजेचे डॉक्टर वानलेस

डॉ. विल्यम जेम्स वानलेस ह्यांचा जन्म क्यानडा देशात इ. स. १८६५ साली झाला. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे ते १८८९ साली सांगलीस आले, व पुढे मिरजेस जाऊन १८९४ साली त्यांनी इस्पितळ उघडले. त्या काळी आपले लोक डॉक्टराच्या सुरीस फार भीत. अंधत्व आले तर तो दैवाचा भोग समजून मुकाट्याने सोशीत. अशांचे मोतीबिंदू काढून साहेबांनी त्यांस दृष्टी दिली, तेव्हा एकाचे पाहून दुसरा येऊ लागला. आणि मिरज हे आगगाडीचे जंक्शन, म्हणून दूरदूरचे दुखणाईत तेथे उतरू लागले.

तथापि एका माणसाचे दोन हात किती जणांस पुरणार? हे ओळखून त्यांनी १८९७ साली तेथेच वैद्यकशाळा काढली व आपली विद्या ह्या देशच्या तरुणांस दिली. आमच्या मते त्यांचे खरे मोठे कार्य हेच. औषधाची मुळी पोटच्या पोरासही न दाखविणारे वैद्य वाचकांनी पाहिले असतीलच!

१९२८ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला. त्याच साली ते निवृत्त झाले, व १९३३ साली अमेरिकेत वारले. तोवर त्यांच्यापाशी शिकलेले डॉक्टर गावोगाव रोग्यांची सेवा करीत होते.